छोट्या धडकेनंतर मुलाची कार सीट बदलायची का?

केतकी_वन

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. परवा सिग्नलला उभे असताना मागच्या गाडीने येऊन ठोकलं. वेग फार नसावा. बंपर आत गेलाय, डिकी नीट लागत नाहीये. एअरबॅग उघडल्या नाहीत, गाडी चालवतच घरी आणली.

मुलगा अडीच वर्षांचा आहे. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायच्या कार सीटमध्ये होता, पट्टे लावलेले होते. दचकून रडला, पाच मिनिटांत खेळायला लागला. डॉक्टरांना दाखवलं, ठणठणीत आहे. त्याच्या शेजारी सासूबाई होत्या (नाशिकहून आल्यात). त्यांची मान दुसऱ्या दिवसापासून आखडली आहे, पण त्या म्हणतात उशी बदलली म्हणून असेल.

प्रश्न कार सीटचा आहे. बाहेरून काहीही दिसत नाही. ना तडा, ना ओरखडा. नवरा म्हणतो चांगली आहे, ठेवू. माझ्या मनाला पटत नाही. समोरच्याच्या इन्शुरन्सकडे क्लेम नोंदवला तेव्हा फोनवरच्या बाईंनी बंपरचं सगळं विचारलं, सीटचं नावही काढलं नाही. सीट साडेतीनशे डॉलरची आहे. कोणी या प्रकारातून गेलंय का? बदलायचीच असते की बघून ठरवायचं असतं?

धनंजय_सातारकर

मूल सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. माझं मत तुमच्या यजमानांच्या बाजूने. साडेतीनशे डॉलर म्हणजे जवळपास तीस हजार रुपये. सीट बनवलेलीच अपघातासाठी असते, मग एका हलक्या धक्क्याने ती बाद कशी होईल? कव्हर काढून नीट तपासा, तडा नसेल तर वापरा. कंपन्यांना नव्या सीटा खपवायच्या असतात हेही लक्षात घ्या.

रानवारा

केतकी, मी न्यू जर्सीत असते आणि इथे चाइल्ड पॅसेंजर सेफ्टी टेक्निशियनचं प्रशिक्षण घेतलंय. लोकांच्या गाड्यांमध्ये सीटा नीट बसल्यात का हे तपासायला महिन्यातून एखादा शनिवार देते. त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर दोन पायऱ्यांत आहे, आणि पहिली पायरी बहुतेक लोक वगळतात.

पहिली पायरी म्हणजे सीटचं मॅन्युअल. त्यात अपघाताबद्दल परिच्छेद असतोच. काही कंपन्या स्पष्ट लिहितात की कुठलाही अपघात झाला, अगदी किरकोळ, अगदी सीटमध्ये मूल नसताना, तरी सीट बदला. काही लिहितात की मध्यम किंवा मोठ्या अपघातानंतर बदला. तुमच्या कंपनीने जे लिहिलंय तेच लागू. मॅन्युअल हरवलं असेल तर सीटच्या खाली किंवा बाजूला चिकटवलेल्या लेबलवर मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख असते, त्यावरून कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते.

दुसरी पायरी, कंपनीने सवलत दिली असेल तरच. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था एनएचटीएसए 'किरकोळ' अपघात कशाला म्हणायचं याच्या पाच अटी सांगते. गाडी अपघाताच्या जागेवरून स्वतः चालत निघाली पाहिजे. कार सीटच्या सगळ्यात जवळच्या दाराला नुकसान झालेलं नको. गाडीतल्या कोणालाही इजा झालेली नको. एअरबॅग उघडलेल्या नकोत. आणि सीटवर डोळ्यांना दिसणारं नुकसान नको. पाचही अटी पुऱ्या झाल्या तरच अपघात किरकोळ. एक जरी चुकली तरी सीट बदलायची.

आता तुमचीच पोस्ट पुन्हा वाचा. 'कोणालाही' म्हणजे फक्त मुलाला नव्हे. सासूबाईंची मान आखडली आहे. मागून धडक बसल्यावर मान दुसऱ्या दिवशी धरते हे अगदी ठरलेलं. त्यांना डॉक्टरकडे न्या. आधी त्यांच्यासाठी, मग सीटसाठी.

सावनी_शिकागो

रानवाराला अनुमोदन. मानेचं वाचून मीही थबकले. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी परदेशात आली की दुखणं सांगत नाहीत. माझे बाबा इथे आले होते तेव्हा गुडघा सुजला तरी 'तुमचा खर्च नको' म्हणून गप्प होते. केतकी, त्यांना सांगा की खर्च तुमच्यावर पडण्याचं कारण नाही. चूक मागच्या गाडीवाल्याची आहे, त्याच्या पॉलिसीत दुसऱ्यांना झालेल्या इजेचा भाग असतो. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सच्या कंपनीलाही कळवून ठेवा.

आणखी एक. इन्शुरन्सवाले लवकर चेक पाठवतो म्हणून एखादा कागद सहीला पाठवतील. गाडीच्या नुकसानीचा निपटारा आणि इजेचा निपटारा हे वेगळे ठेवा. डॉक्टरांचं होईपर्यंत इजेबाबत 'यापुढे काही मागणार नाही' अशा कशावरही सही करू नका.

अभंग७

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. कार सीट माझा विषय नाही, पण धडकेचं गणित रोजचं आहे. धनंजयरावांचा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २१३ या मानकात सीट समोरून सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेत तपासतात. बारा किलोचं मूल त्या वेगावरून एक दशांश सेकंदात थांबलं असं धरलं तर पट्ट्यांवर आणि कवचावर सरासरी १६० किलोंचा भार येतो. क्षणभराचा उच्चांक त्याहून बराच वर जातो. आता १५ किलोमीटरचा धक्का घ्या. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती साधारण दहापट कमी. म्हणून खरोखर हलक्या धक्क्याने चांगली सीट निकामी होत नाही हे भौतिकशास्त्राला धरून आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी विमा महामंडळाने नऊ सीटा घेऊन प्रत्येकीला १५ किलोमीटर वेगाचे ओळीने पन्नास धक्के दिले होते, तीन वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बसवून. नुकसान दिसलं नाही. एनएचटीएसएने किरकोळ अपघाताला सवलत दिली ती अशा चाचण्यांच्या आधारावर.

पण खरी अडचण पुढे आहे. धक्का १५ चा होता की ३० चा, हे तुम्हाला कळणार कसं? बंपरकडे बघून कळत नाही. काही बंपर दाबले जातात आणि परत फुगून जागेवर येतात, आतली पट्टी मात्र वाकलेली असते. त्यामुळे वेगाचा अंदाज करण्याऐवजी त्या पाच खुणा वापरतात. कोणाला तरी इजा झाली ही खूण सांगते की गाडीतल्या माणसांपर्यंत पोचलेला धक्का लहान नव्हता.

आणि तडा दिसला नाही म्हणजे सीट चांगली, असंही नाही. कव्हरखाली कडक थर्माकोलसारखा फोम असतो, ऊर्जा शोषून घ्यायला. हेल्मेटमध्ये असतो तोच प्रकार. तो एकदाच दबतो. दबलेला फोम पुन्हा पूर्वीसारखा होत नाही आणि हाताने चाचपून ते समजत नाही. प्लास्टिकचं कवच वाकून परत जागेवर येतं, पण वाकलेल्या जागी बारीक पांढुरकी रेघ राहते. ती कव्हर काढून, पट्टा जातो त्या खाचेभोवती बघितली तरच दिसते.

धनंजय_सातारकर

अभंगजी, फोमचं पटलं. 'दिसत नाही म्हणजे नाही' हे मी धरून चाललो होतो. पण एक शंका. मूल मागे तोंड करून बसलेलं होतं आणि धडकही मागून बसली. मग मूल सीटच्या पाठीवर आदळणारच नाही ना? पाठीचा फोम कशाला दबेल?

अभंग७

अगदी नेमकी शंका. मागून धडक बसली की गाडी पुढे ढकलली जाते. मागे तोंड असलेलं मूल त्यामुळे पाठीवर दाबलं जात नाही, ते पुढच्या पट्ट्यांवर येतं. शिवाय पूर्ण सीटच गाडीच्या मागच्या बाकाकडे कलते. मग उलट झोका येतो आणि तेव्हा मूल पाठीवर आदळतं. म्हणजे भार आधी पट्टे, त्यांची शिलाई आणि गाडीच्या अँकरला बांधलेला खालचा पट्टा यांवर, नंतर कवचावर. पाठीच्या फोमला समोरच्या धडकेपेक्षा कमी त्रास झाला असेल हे तुमचं बरोबर. पण पट्ट्यांच्या शिलाईकडे लक्ष द्यायला हवं. काही सीटांच्या पट्ट्यांत अशी शिलाई मुद्दाम ठेवलेली असते की ठराविक भाराला ती उसवते आणि धक्का खाते. उसवली असेल तर प्रश्नच मिटला.

केतकी_वन

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना आज दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले मानेचे स्नायू ताणले गेलेत, अपघातामुळेच. औषध आणि शेक, आठवडाभराने परत दाखवायचं. त्या घरी येऊन म्हणाल्या, 'मला वाटलं मी सांगितलं तर तुम्हाला उगीच कोर्टकचेऱ्या कराव्या लागतील.' फार वाईट वाटलं. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं.

रात्री मॅन्युअल शोधलं. त्यात सरळ लिहिलंय, कुठल्याही अपघातानंतर सीट वापरू नका, बदला. म्हणजे मानेचा प्रश्न नसता तरी उत्तर तेच आलं असतं. नवऱ्यानेही वाचलं, वाद संपला.

आता इन्शुरन्स. आज परत फोन केला तर त्या बाई म्हणाल्या की सीटचं नुकसान दिसत असेल तर फोटो पाठवा, नसेल तर बघावं लागेल. काय उत्तर देऊ?

सावनी_शिकागो

उत्तर कायद्यात आहे. कॅलिफोर्निया इन्शुरन्स कोडचं कलम ११५८०.०११ वाचा आणि ईमेलमध्ये त्या कलमाचा क्रमांक लिहा. अपघाताच्या वेळी मूल ज्या सीटमध्ये बसलेलं होतं ती सीट बदलून देणं किंवा नव्या सीटचे पैसे देणं ही इन्शुरन्सची जबाबदारी आहे. दिसणारं नुकसान ही अट नाही, वापरात होती एवढं पुरे. इतकंच नव्हे, क्लेम नोंदवताना गाडीत मुलाची सीट होती का हे त्यांनी स्वतःहून विचारायचं असतं. इथे इलिनॉयमध्येही वापरात असलेल्या सीटबाबत असाच कायदा आहे. सगळ्या राज्यांत तो नाही, म्हणून बाकीच्यांनी आपापल्या राज्याचं बघा. पण कायदा नसला तरी मॅन्युअलचं पान दाखवल्यावर बरेच ॲडजस्टर (इन्शुरन्सकडून क्लेम तपासणारे) मान्य करतात.

फोनवर बोलू नका, लेखी पाठवा. सीटचा फोटो, लेबलचा जवळून फोटो ज्यात मॉडेल नंबर आणि तारीख वाचता येईल, मॅन्युअलमधलं ते पान, खरेदीची पावती. पावती नसेल तर तेच मॉडेल आज दुकानात किती किमतीला मिळतं ते पान. अपघाताच्या रिपोर्टमध्ये मुलाचा उल्लेख असेल तर तोही. 'जुनी सीट होती म्हणून निम्मे पैसे' असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका, कलमात नव्या सीटच्या खर्चाचं लिहिलंय.

आणि क्लेम मिटेपर्यंत जुनी सीट टाकून देऊ नका. कधीकधी पट्टे कापलेला फोटो मागतात, तो त्यांनी मागितल्यावरच कापा.

रानवारा

यात एक भर. नवी सीट येईपर्यंत जुनी वापरू नका. दुकानातून आजच घ्या, पावती ठेवा, पैसे मागाहून येतील. आणि गाडी दुरुस्तीला देऊन भाड्याची घेणार असाल तर त्यांच्याकडची कार सीट शक्यतो नको. ती आधी कुठल्या अपघातात होती का, कोणी धुताना पट्टे साबणात बुडवले का, काही ठाऊक नसतं.

गॅरेजवाल्यांना मागच्या बाकाचे सीटबेल्ट आणि लॅचचे (बेल्टऐवजी कार सीट गाडीला अडकवायच्या सोयीचे) खालचे हुक तपासायला सांगा. सासूबाईंचा बेल्ट त्या धक्क्यात ताणला गेला असणार. काही गाड्यांच्या बेल्टमध्ये आवळून धरणारी यंत्रणा असते, ती एकदा सुटली की पूर्ण बेल्टच बदलावा लागतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये याचंही पान असतं.

नवी सीट बसवल्यावर पट्टा जातो त्या ठिकाणी हाताने धरून हलवून बघा, कुठल्याही बाजूला एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. लॅचने लावत असाल तर मूल आणि सीट मिळून ६५ पौंडांपर्यंतच, त्यापुढे सीटबेल्टने लावायची. नेमका आकडा सीटच्या लेबलवर असतो, कारण जड सीटांना मुलाच्या वजनाची मर्यादा कमी येते. अडीच वर्षांच्या मुलाला मागे तोंड करूनच बसवत राहा, सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत. तुमच्याकडे कायदा दोन वर्षांपर्यंतच सक्ती करतो, पण या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी असते.

कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या बऱ्याच कार्यालयांत प्रशिक्षित लोक वेळ ठरवून सीट तपासून देतात, पैसे लागत नाहीत. जरूर जा.

लीड्सकर

इंग्लंडचा अनुभव लिहितो, कोणाच्या उपयोगी पडेल. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून आमची गाडी फुटपाथच्या कठड्याला लागली. चूक माझ्याच बाजूची, म्हणजे क्लेम आमच्याच पॉलिसीवर. पॉलिसीचं पुस्तक उघडलं तर मुलांच्या सीटबद्दल वेगळा परिच्छेद होता, अपघातानंतर नुकसान दिसत नसलं तरी बदलून देऊ असा. इथे बऱ्याच पॉलिसींमध्ये ही सोय असते, पण आपण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मी मागितली, मिळाली.

इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. ब्रिटनमध्ये आर४४ किंवा आर१२९ या युरोपच्या सुरक्षा मानकांचं लेबल असलेल्याच सीटा चालतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेली सीट, कितीही महागडी असो, इथल्या रस्त्यावर बेकायदा ठरते. माझ्या मेव्हणीने प्रेमाने आणलेली सीट म्हणूनच वापरता आली नाही.

धनंजय_सातारकर

केतकीताई, सीट बदलणार हे योग्यच. आता माझी एक विनंती आहे, राग मानू नका. ती जुनी सीट फेकण्यापेक्षा कोणी भारतात येणार असेल तर पाठवता येईल का? माझ्या भावाची मुलगी दीड वर्षाची आहे. ते सध्या तिला मांडीवर घेऊन पुणे-सातारा करतात. काहीच नसण्यापेक्षा ही सीट बरी, असं मला वाटतं. तिला काय, वरचेवर लांबचा प्रवास नसतो.

रानवारा

धनंजयजी, तुमची पुतणीविषयीची काळजी समजते आणि मांडीवर घेऊन जाणं थांबवायचं ठरवताय हे फार चांगलं आहे. पण ही सीट नका मागू. आत्ता केतकीच्या मुलाला ज्या सीटमध्ये बसवायचं नाही असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं, ती दुसऱ्या कुठल्या मुलाला कशी चालेल? आणि ज्या घरात ती जाईल तिथे उद्या ती आणखी कोणाला दिली जाईल, तेव्हा 'ही अपघातातली आहे' हे सांगणारं कोणी उरणार नाही. म्हणून अशी सीट कोणालाही न देता मोडायची. कव्हर काढायचं, पट्टे कात्रीने कापायचे, कवचावर मार्करने मोठ्या अक्षरात 'अपघातग्रस्त, वापरू नये' असं लिहायचं. इथे टार्गेटच्या दुकानांत वर्षातून दोनदा, एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुमारास, जुन्या सीटा घेतात आणि बदल्यात सवलतीचं कूपन देतात. वापरायची मुदत संपलेल्या, मोडलेल्या सगळ्या घेतात.

पुतणीसाठी नवी घेऊ या. आपण इथे मिळून शोधू.

मोगरा

याच विषयावर माझाही प्रश्न. माझी चुलतबहीण डॅलसहून पुण्याला परत येतेय, तिची सीट अजिबात अपघातातली नाही, सगळा इतिहास माहीत आहे, मुदतही बाकी आहे. ती माझ्या मुलाला देते म्हणतेय. आमच्या गाडीत चालेल का? आणि विमानाने आणताना काही होतं का?

अभंग७

मोगराताई, सीट चांगली असेलही, पण आपल्या गाडीत ती बसवणं अवघड जातं. अमेरिकेतल्या गाड्यांचे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढले की परत जाताना जागच्या जागी अडकतात, आणि तिथल्या सीटा त्यावर विसंबून असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट फक्त जोरात झटका बसल्यावर अडकतात, एरवी सैलसर सरकतात. त्यामुळे बेल्टने लावलेली अमेरिकन सीट ढिली राहते. त्यासाठी वेगळी लॉकिंग क्लिप मिळते, पण ती नेमकी बसवणं प्रत्येकाला जमत नाही. तुमच्या गाडीत आयसोफिक्सचे (लॅचसारखेच, कार सीट अडकवायचे) हुक असतील तर लॅचचे पट्टे त्यांना अडकतात, दोन्हींचं मधलं अंतर सारखंच आहे. पण ६५ पौंडांची मर्यादा तशीच राहते आणि पुढे तोंड करून बसवायची झाली तर वरच्या टेदर पट्ट्यालाही हुक हवा.

भारताचं मानक एआयएस ०७२ आहे आणि ते युरोपच्या आर४४ च्या वळणाचं आहे. माझं मत विचाराल तर आपल्या गाडीला आपल्याकडचीच सीट घ्या.

रानवारा

विमानाचं मी सांगते. चेक-इन सामानात उघडी टाकली तर ती कशी आपटली जाते हे आपल्याला दिसत नाही, आणि त्यातला धक्का अपघाताच्या धक्क्याइतकाच न दिसणारा असतो. मूल बरोबर असेल आणि त्याचं तिकीट काढलेलं असेल तर सीट विमानातच त्याच्याखाली लावता येते. अमेरिकन सीटांवर विमानात वापरायला चालते असं लाल अक्षरांत छापलेलं असतं. एअरलाइनला आधी विचारा.

मोगरा

धन्यवाद दोघांनाही. बहिणीला नको म्हणून कळवते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याला एखादी सीट विकायला येते, 'एकदम नवीन कंडिशन'. आता त्याखाली मी पहिला प्रश्न विचारणार, गाडीला कधी ठोकर लागली होती का. दुसरा, लेबलचा फोटो टाका. अजून काय विचारू?

रानवारा

मॅन्युअल आहे का आणि सगळे भाग मूळचेच आहेत का. आणि विकणाऱ्याला तुम्ही ओळखता का, की त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल? अनोळखी माणसाकडची घेऊच नका. अपघात झाला होता हे सीट सांगत नाही, माणूसच सांगतो.

सर्व्हेअर_ठाणे

भारतातल्या विम्याचं विचारलं नाहीये कोणी, पण धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. आपल्याकडे ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) पॉलिसीत गाडी आणि जाहीर केलेल्या ॲक्सेसरीज येतात. मुलाची सीट गाडीचा भाग धरली जात नाही. काही कंपन्या वैयक्तिक सामानासाठी वेगळं ॲड-ऑन देतात, त्यात बसते का हे शब्द वाचून बघावं लागतं. समोरच्याची चूक असेल तर त्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीतून मालमत्तेचं नुकसान मागता येतं, खाजगी गाडीला त्याची मर्यादा साडेसात लाख आहे, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. दहा-बारा हजारांच्या सीटसाठी ते कोणी करत नाही.

म्हणून मी घरोघरी सांगतो की नूतनीकरणाच्या वेळी एजंटला हा प्रश्न विचारा. विचारणारे वाढले तर कंपन्या सोय करतील. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९४ बी कलम आलं, चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड. भारत एनकॅपच्या (गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या योजनेच्या) क्रॅश चाचण्यांत मुलांच्या सुरक्षेला वेगळे गुण आहेत, त्यामुळे गाड्यांत आयसोफिक्स येतंय. विम्याने मागे राहण्याचं कारण नाही.

केतकी_वन

ताजी खबर. कलमाचा क्रमांक, मॅन्युअलचं पान आणि फोटो घालून ईमेल पाठवली. दुसऱ्याच माणसाचा फोन आला, अतिशय नम्र. पूर्ण किंमत कर धरून देतोय म्हणाले आणि पट्टे कापलेला फोटो मागितला. नवी सीट मी रानवाराने सांगितल्या दिवशीच आणली होती. हायवे पेट्रोलच्या कार्यालयात वेळ मिळाली. तिथल्या ऑफिसरबाईंनी छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणली आणि पट्टे इतके घट्ट केले की खांद्यावर चिमटीत येईनात. आधीच्या सीटचे पट्टे त्यामानाने सैल असायचे हे तेव्हा कळलं.

सासूबाईंची मान बरी आहे. जुन्या सीटचे पट्टे त्यांनीच कापले, शिवणाच्या मोठ्या कात्रीने. धनंजयदादा, त्या विचारत होत्या, साताऱ्याच्या मुलीसाठी सीट घेतली का?

धनंजय_सातारकर

आजींना नमस्कार सांगा. भावाशी बोललो. त्याने आधी 'एवढ्याशा प्रवासाला कशाला' म्हटलं, मग मी अभंगजींचं ते १६० किलोंचं गणित वाचून दाखवलं आणि विचारलं, हाताने धरता येईल का एवढं? तो गप्प झाला. रविवारी पुण्याला जाऊन घेतोय, पैसे निम्मे मी देणार. काय बघून घ्यायची ते एकदा सांगा. त्याची गाडी जुनी आहे, आयसोफिक्स नाही.

अभंग७

आयसोफिक्स नसेल तर सीटबेल्टने बसणारी घ्या, सीटवर तसं लिहिलेलं असतं. लेबलवर आर४४/०४, आर१२९ किंवा एआयएस ०७२ यांपैकी काहीतरी हवं. यांपैकी एकही नसेल, फक्त मऊ गादी आणि चार पट्टे असतील, तर ती सीट नाही, ती ठेवून द्या. दीड वर्षाला मागे तोंड करून बसवता येणारीच निवडा, आणि मॅन्युअलमध्ये त्यासाठी किती किलोंपर्यंत चालते ते वाचा, कारण काही स्वस्त सीटा नऊ-दहा किलोंनंतर पुढे तोंड करायला लावतात. मागे तोंड असताना बेल्ट सीटला वळसा घालून जातो, तेव्हा जुन्या गाडीत बेल्टची लांबी कमी पडते. म्हणून भावाला सांगा, दुकानात गाडी घेऊनच जा, मागच्या बाकावर सीट बसवून, बेल्ट लावून, मुलीला त्यात बसवून बघा, मग पैसे द्या. दुकानदार नको म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. रविवारी मी पुण्यातच आहे, अडलं तर इथे निरोप टाका, मी येतो.